एका काल्पनिक टोळीची जन्मकथा

हेरकथा हे हलके वाङ्मय समजून विद्वान मंडळी बाजूला सारतात. आम्हांस ते पटत नाही. एखाद्या काळी एखादा समाज कोणाला भीत होता हे जाणावयाचे असेल, तर त्याच्या हेरकथांतला खलपुरुष पाहावा. नायक वर्षानुवर्षे तोच राहतो, खलपुरुष मात्र काळाप्रमाणे बदलतो. आज आम्ही अशाच एका खल संघटनेची हकीकत सांगणार आहोत. तिचे नाव 'स्पेक्टर'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भूत किंवा पिशाच्च. जेम्स बाँडच्या कथांतून ही टोळी जगभर माहीत झाली. पण तिच्या जन्माची खरी कथा कादंबरीत नाही, ती न्यायालयाच्या दप्तरात आहे.

बाँडचा जनक आयन फ्लेमिंग हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता खात्यात अधिकारी होता. त्याची पहिली कादंबरी 'कसिनो रॉयल' १९५३ साली निघाली. तीत शत्रू म्हणून त्याने 'स्मेर्श' ही सोव्हिएत संघटना घेतली. ही काही त्याच्या कल्पनेतली नव्हती. 'हेरांना मृत्यू' या अर्थाच्या रशियन शब्दांचा संक्षेप करून हे नाव बनले होते आणि १९४३ साली स्टालिनच्या हुकमाने ती स्थापन झाली होती. मात्र १९४६ सालीच ती मोडून दुसऱ्या खात्यात विलीन करण्यात आली. तरीही १९५७ सालच्या कादंबरीच्या आरंभी फ्लेमिंगने निवेदन केले की ती अजून अस्तित्वात आहे! शीतयुद्धाच्या दिवसांत इंग्रज वाचकाला असा शत्रू सहज पटत होता.

मग हा शत्रू बदलला का? १९५९ साली बाँडवर एक चित्रपट काढण्याचे घाटत होते. आयरिश दिग्दर्शक केव्हिन मॅक्लोरी, फ्लेमिंगचे मित्र आयव्हर ब्राइस आणि अर्नेस्ट क्युनिओ, आणि मुरलेले पटकथाकार जॅक व्हिटिंगहॅम अशी मंडळी फ्लेमिंगबरोबर कामाला बसली. त्याच वर्षी सप्टेंबरात क्रुश्चेव्ह अमेरिकेला जाऊन आले होते. उद्या शीतयुद्ध निवळले तर रशियन खलपुरुषाचा चित्रपट पडद्यावर येण्याआधीच शिळा होईल, हा विचार त्या वेळी बलवान होता. तेव्हा कोणत्याही राष्ट्राची नसलेली आणि केवळ पैशासाठी काम करणारी टोळी पुढे आली.

चित्रपट त्या वेळी निघाला नाही. फ्लेमिंगने ते कथानक घेऊन कादंबरी लिहिली आणि मार्च १९६१ मध्ये 'थंडरबॉल' प्रसिद्ध झाली. तीत स्पेक्टरची रचना सविस्तर दिली आहे. प्रतिहेरगिरी, दहशत, सूड आणि खंडणी यांसाठीचे खास कार्यकारी मंडळ, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव जुळवलेले. कचेरी पॅरिसमध्ये, आणि दारावर पाटी मात्र जुलमाविरुद्ध झगडणाऱ्यांच्या बंधुसंघाची! प्रमुखाचे नाव ब्लोफेल्ड. फ्लेमिंगने त्याला आपलीच जन्मतारीख दिली आहे : २८ मे १९०८. त्याच्या हाताखाली वीस माणसे. त्यांत जुने गेस्टापोवाले, जुने स्मेर्शवाले, सिसिली आणि कॉर्सिका येथील टोळ्यांतले लोक आणि दोन शास्त्रज्ञ. दोन अणुबाँब पळवून दहा कोटी पौंड मागावयाचे, हा त्यांचा धंदा.

आमचे लक्ष वेधले ते तिच्या हिशेबाने. मिळकतीतले दहा टक्के खर्चाला आणि भांडवलाला, दहा टक्के प्रमुखाला, आणि उरलेले ऐंशी टक्के वीस सभासदांत सारखे, म्हणजे प्रत्येकी चार टक्के. संघटनेच्या कामात आमचे केस पांढरे झाले, पण कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात आम्ही अशी वाटणी पाहिलेली नाही. चोरांच्या टोळीत न्याय असा चोख!

पण ही टोळी ज्यांनी घडवली त्यांच्यात वाटणी कशी झाली? कादंबरीवर नाव फक्त फ्लेमिंगचे होते. मॅक्लोरी आणि व्हिटिंगहॅम न्यायालयात गेले. आम्ही सर्वांनी मिळून रचलेले कथानक याने एकट्याने वापरले, ही त्यांची तक्रार. प्रकाशन थांबवण्यास न्यायालयाने नकार दिला, पण खटला उभा राहिला. नोव्हेंबर १९६३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. तोपर्यंत खर्चाचा बोजा न पेलल्यामुळे व्हिटिंगहॅम वादी म्हणून मागे सरला होता. स्पेक्टरची कल्पना प्रथम कोणाची, याविषयी पुढेही वाद चालू राहिला. खटला मात्र नऊ-दहा दिवसांत तडजोडीने मिटला. चित्रपटाचे हक्क मॅक्लोरीला मिळाले आणि कादंबरी फ्लेमिंगकडे राहिली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत तिघांच्या पटकथेवरून ती बेतल्याची ओळ घालावी, असे ठरले. पुढल्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९६४ रोजी, फ्लेमिंग हृदयविकाराने वारला.

भांडण त्याच्यामागेही उरले. १९६५ साली 'थंडरबॉल' पडद्यावर आला, निर्माता म्हणून मॅक्लोरीचे नाव घेऊन. १९८३ साली तेच कथानक दुसऱ्या नावाने पुन्हा निघाले. बाँडपटांच्या मूळ निर्मात्यांना मात्र १९७१ नंतर स्पेक्टरचे नाव वापरता येईना. मॅक्लोरी २००६ साली वारला. २०१३ साली त्याच्या वारसांशी समझोता झाला आणि २०१५ साली 'स्पेक्टर' याच नावाचा चित्रपट आला. कागदावरच्या एका टोळीने पन्नासाहून अधिक वर्षे जिवंत माणसांना वकिलांच्या दारी फिरवले.

फ्लेमिंग चोर होता असे आमचे म्हणणे नाही. बाँड त्याचाच, आणि लेखणीही त्याचीच. आमचे म्हणणे एवढेच की कल्पनेचे कामसुद्धा अनेकांच्या हातून होते, आणि मोबदल्याची व नावाची वाटणी कामाला बसण्यापूर्वी लिहून ठेवली नाही, तर ज्याच्यापाशी वकिलाची फी असते तो शेवटपर्यंत उभा राहतो आणि नुसती मेहनत करणारा वाटेतच बसतो. व्हिटिंगहॅमचे नाव आज किती वाचकांना ठाऊक आहे? श्रोतेहो, 'थंडरबॉल'ची प्रत कधी हाती आली, तर गोष्ट सुरू करण्यापूर्वी आरंभीच्या पानावरची ती ओळ तेवढी जरूर वाचा.