तंबूतले राजाभाऊ

आजी नट-दिग्दर्शक राजा परांजप्यांचं नाव घेत नसे. ‘तो मिरजेचा’ एवढंच म्हणे. परांजपे मिरजेत जन्मले, २४ एप्रिल १९१० रोजी, आणि आजीचं माहेर मिरजेपासून दोन कोसांवर. त्यामुळे पडद्यावरच्या या माणसावर तिचा माहेरचा हक्क होता.

तिने त्यांना पाहिलं ते जत्रेतल्या तंबूत. टुरिंग टॉकीजच्या त्या तंबूत मधोमध दोरी बांधलेली असे, एकीकडे बाया, दुसरीकडे बापे. खाली वाळू, बाहेर जनरेटरची धडधड. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधारात थांबायचं. आजी म्हणे, खरा सिनेमा त्या थांबण्यात असायचा. आता पुढं काय होणार, चूक कोणाची, सून वाईट की मुलगा, याचा निवाडा पुढचं रीळ चढेपर्यंत बायका करून मोकळ्या व्हायच्या.

‘ऊन पाऊस’ लागला तेव्हा मात्र रीळ बदलताना कोणी बोललं नाही. १९५४ चा हा चित्रपट. म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको. मुलं शिकून मोठी झालेली, आणि शेवटी बाप एकाकडे, आई दुसऱ्याकडे अशी वाटणी. मास्तर परांजपे, आई सुमती गुप्ते, दिग्दर्शनही परांजप्यांचंच. म्हातारा-म्हातारीची ताटातूट होते तिथे पुढे बसलेली एक बाई उठून उभी राहिली आणि पडद्यावरच्या आईला ओरडून म्हणाली, “अगं, जाऊ नकोस, बये!” तिला कोणी खाली बस म्हटलं नाही. आमचे आजोबा शाळामास्तर होते. त्या रात्री घरी येताना त्यांनी आजीला विचारलं, “आपल्यावर अशी वेळ आली तर तू कोणाकडं जाशील?” आजीने ते उत्तर आम्हाला कधी सांगितलं नाही.

परांजप्यांनी त्या वेळी वयाची पंचेचाळिशीही गाठली नव्हती. तरी त्यांचा थकलेला मास्तर खरा वाटला, कारण ते आधी नट होते. रंगभूमी, मग बोलपट, मग कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या शाळेत घडणं, असा त्यांचा रस्ता. १९४८ साली ‘जिवाचा सखा’च्या निमित्ताने गीतकार गदिमा, संगीतकार सुधीर फडके आणि राजाभाऊ हे तिघे एकत्र आले. मग १९५० चा ‘पुढचं पाऊल’, १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’.

‘लाखाची गोष्ट’बद्दल आमच्याकडे पुण्याचे एक काका बोलत. मुलीच्या बापाने ठरलेल्या मुदतीत लाख रुपये उधळून दाखवायची अट घालायची आणि पोरांनी खर्च करता करता घायकुतीला यायचं, यावर ते सत्तरीतही खदखदून हसत. पण त्यांचा जीव अडकला होता भानुविलासच्या तिकीट खिडकीत. चित्रपटाचे नायक राजा गोसावी त्या थिएटरात बुकिंग क्लार्क होते. पडद्यावर हाच माणूस लाख उडवतोय आणि खिडकीत हाच सुटे पैसे मोजून देतोय, हे पाहायला लोक मुद्दाम रांगेत उभे राहत, असं काका सांगत. खिडकीमागच्या माणसात नायक दिसायला दिग्दर्शकाकडे नटाची नजर लागते. राजाभाऊंकडे ती होती.

स्वतःसाठी त्यांनी काय निवडलं तेही पाहण्यासारखं आहे. ‘पेडगावचे शहाणे’त वेडा ठरलेला माणूस, ज्याच्यापुढे बाहेरचं शहाणं जगच वेडं दिसू लागतं. ‘ऊन पाऊस’मध्ये मास्तर. १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’मध्ये आंधळ्या मुलीला सांभाळणारा भणंग, ती मुलगी सीमा देव. चॅप्लिनची आठवण होते, पण चेहरा, चाल, लाज सगळं आपल्या मातीतलं. दिग्दर्शकाची खुर्ची हाती आल्यावर माणूस आधी स्वतःला रुबाबदार करून घेतो. राजाभाऊंनी कायम पडकी, हरलेली माणसं स्वतःकडे घेतली आणि त्यांची मान ताठ ठेवली. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

पुढे ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये त्यांनी बालनट सचिनला पडद्यावर आणलं. १९६४ चा ‘पाठलाग’ तर रहस्यपट. त्यावरूनच राज खोसलांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला. ‘मेरा साया’ची गाणी घरोघर पाठ आहेत, ‘पाठलाग’ कोणाचा हे मात्र सांगावं लागतं. ‘ऊन पाऊस’चंही तेच. कन्नडमध्ये बी. आर. पंतुलूंनी १९५८ साली त्यावर ‘स्कूल मास्टर’ केला, तिथून ती कथा आणखी भाषांत गेली. म्हाताऱ्या आईबापांच्या वाटणीचा हिंदी सिनेमा पाहून डोळे पुसणाऱ्या आमच्या पिढीला तोच हुंदका आजीने पन्नास वर्षं आधी तंबूत दिल्याचं ठाऊक नव्हतं.

९ फेब्रुवारी १९७९ रोजी राजाभाऊ गेले. गदिमा आणि फडक्यांची गाणी आपण रोज ऐकतो, आणि ऐकावीतच. पण त्यातली कितीतरी गाणी ज्या प्रसंगांसाठी जन्मली ते प्रसंग या तिसऱ्या माणसाने उभे केले होते. घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवून ‘ऊन पाऊस’ लावा आणि ते काय काय बोलतात ते लिहून ठेवा. तंबूत बसून तो पाहिलेली माणसं आता फार उरलेली नाहीत.