चालते नगर आणि फिरते गाव

ख्रिस्तोफर प्रीस्ट या इंग्रज लेखकाच्या ‘इन्व्हर्टेड वर्ल्ड’ (1974) या कादंबरीत एक अख्खे नगर रुळांवरून ओढले जाते. मागचे रूळ उखडावयाचे, पुढे घालावयाचे आणि दहा दिवसांत मैलभर सरावयाचे. थांबणे म्हणजे विनाश. वाचकांस हे अद्भुत वाटेल. परंतु अहेरीच्या पूर्वेस, भामरागडच्या अरण्यात, माडिया गोंडांची गावेही पूर्वी फिरत असत. उतारावरील झाडे तोडून जाळावी, राखेत कोसरी पेरावी, आणि दोनतीन पिकांनंतर ती जमीन रानास सोपवून दुसरीकडे जावे, असा त्यांचा क्रम. शेजारच्या बस्तरातील हीच रीत ग्रिग्सनने 1938 साली आपल्या ग्रंथात तपशिलाने नोंदविली आहे.

कादंबरीतील नगर मागे वळत नाही. माडिया मात्र रान पुन्हा वाढले की त्याच उतारावर परतत. सरकारी कारकुनास ती विसाव्याची जमीन ओसाडच दिसणार! 1927 च्या वनकायद्याच्या दहाव्या कलमाने तर ही फिरती शेती हक्क नव्हे, सरकारने वाटेल तेव्हा बंद करावी अशी सवलत ठरविली. प्रीस्टचे नगर थांबण्यास भीत होते. माडियांस बळेच थांबविण्यात आले, आणि परतण्याची वाटही त्यांना मिटली.