लगाम, म्होरकी आणि चालीचा घोडा

चालीचा घोडा घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो लगामाचा. कोणते बिट घातले म्हणजे याची चाल सुटेल? प्रश्न स्वाभाविक आहे, पण उलटा आहे. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना तो आधी सुलटा करून घेतलेला बरा.

चालीचा घोडा म्हणजे मधल्या वेगाला दुडकी न धरता चार ठोक्यांची, स्वाराला न उसळवणारी चाल धरणारा घोडा. आइसलँडचा टोल्ट, टेनेसीचा रनिंग वॉक, पेरूचा पासो यानो, ब्राझीलच्या मांगालार्गा घोड्याची मार्शा ही त्याचीच रूपे. आपल्याकडच्या मारवाडी-काठियावाडी घोड्यांची रेवालही याच कुळातली. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने पडतात आणि दोन जोड्यांच्या मध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो. टोल्टमध्ये एक ना एक पाय जमिनीवर असतोच. २०१२ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील लेइफ अँडरसन यांच्या गटाने दाखवून दिले की डीएमआरटी३ या जनुकातला एवढासा बदल मज्जारज्जूतल्या, पायांचा क्रम सांभाळणाऱ्या चेतापेशींवर परिणाम करतो. जगभरच्या अनेक चालीच्या जातींत पुढे हाच बदल सापडला. म्हणजे चाल घोड्याच्या रक्तात असते. लोखंड ती आणून देऊ शकत नाही, बिघडवू मात्र सहज शकते.

बिघडते कशी, हे समजले की निम्मा विषय समजला. बिट टोचू लागले की घोडा मान वर काढतो, पाठ खाली सोडतो, अंग ताठ धरतो. अशा ताठ अंगाने चार ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडू लागतात आणि स्वार डावी-उजवीकडे डुलू लागतो. टेनेसी घोड्याची तर चालताना मान लयीत खालीवर होते. ती मान बांधून ठेवणारा हात त्याच्या मागच्या पायांनाही बांधतो. तरीही ‘डोके वर बसवल्याशिवाय चाल येत नाही’ हा समज अमेरिकेतल्या कित्येक तबेल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि त्यापायी लांब दांड्यांची बिटे वापरात राहिली.

दांडीच्या बिटाचे गणित शाळेतल्या तरफेचेच आहे. कडीच्या वर पाच सेंटिमीटर आणि खाली दहा सेंटिमीटर दांडी असेल, तर लगामाला एक किलोचा ताण दिल्यावर हनुवटीखालच्या साखळीवर ढोबळमानाने दोन किलो आणि तोंडातल्या कडीवर तीन किलो भार येतो. ही कडी बसते ती पुढच्या आणि मागच्या दातांमधल्या मोकळ्या जागेत. तिथे खालच्या जबड्याच्या हाडाची धार असते आणि तिच्यावर हिरडीचा पातळ थर, बाकी काही नाही. साधे स्नॅफल, म्हणजे दांडी नसलेले बिट, तरफेविना चालते म्हणून ते सौम्य, असे आपण धरून चालतो. पण जीभ तोंड भरून टाकते, टाळू खाली असते, कडीला जागा कुठे? संशोधक हिलरी क्लेटन यांनी १९८०च्या दशकात हलत्या क्ष-किरण चित्रांतून तोंडातल्या सांधेवाल्या स्नॅफलची जागा आणि हालचाल पाहिली, तेव्हापासून या विषयात नुसत्या अंदाजावर बोलणे अवघड झाले.

आइसलँडचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथल्या पशुवैद्यांनी स्पर्धेतल्या घोड्यांची तोंडे तपासून २०१४ साली अहवाल प्रसिद्ध केला. जिभेसाठी कमान ठेवलेल्या दांडीच्या बिटांचा जबड्याच्या धारेवरच्या गंभीर जखमांशी ठळक संबंध आढळला. जिभेला आराम मिळावा म्हणून केलेली कमान सगळा भार हाडावर टाकत होती. त्यानंतर अशा बिटांना स्पर्धांत मनाई झाली. घोडे टोल्ट करतच राहिले.

मग बिट काढूनच टाकावे का? अनेक वाचक हाच प्रश्न घेऊन येतील. बिनबिटाच्या म्होरक्याही एका स्वभावाच्या नसतात. बाजूने ओढ देणारी साधी म्होरकी दिशा सांगायला उत्तम. डोक्याखालून फुलीसारखे पट्टे नेणारी म्होरकी दाब नाक, गाल, मानेवर वाटून देते. काही घोड्यांना ती आवडते, काही तिच्यात कोंडल्यासारखे वागतात. दांड्यांचे मेकॅनिकल हॅकमोर मात्र नाकावर चालणारी तरफच आहे. नाकाचे हाड खाली निमुळते होत जाते, पुढे नुसती कूर्चा उरते. आणि घोडा श्वास घेतो तो केवळ नाकाने. पट्टा दोन बोटे खाली सरकला तरी गोष्ट श्वासावर येते. ‘बिट नाही म्हणजे दया आहे’ हा हिशेब मला पटत नाही.

या वादाला पेरूच्या घोडेवाल्यांनी पद्धतीतूनच उत्तर दिले आहे. त्यांचा घोडा आधी बोसाल या नाकावरच्या म्होरकीवर शिकतो. मग चार लगामांचा काळ येतो, दोन नाकाचे, दोन बिटाचे. नाकावरून समजलेली गोष्ट बिटावर उतरल्यावरच नाकाचे लगाम निघतात. घाई करणाऱ्याला ही पद्धत मानवणारी नाही.

आपल्याकडचा प्रश्न याहून उग्र आहे. भारतात १९६५ च्या नियमांनी काटेरी बिटे आणि अणकुचीदार साज यांना बंदी केली. तरी वरातीच्या घोडीच्या तोंडात काटे सापडतात. ग्रीक लेखक झेनोफोननेही खडबडीत बिट ठेवायला सांगितले होते, पण जोडीला गुळगुळीतही, आणि तेही घोड्याला हलके व्हायला शिकवण्यासाठी. काटेवाल्याकडे दुसरे बिट नसते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रेवालीसाठी जास्त पैसे मोजणाऱ्याने घोड्याचे ओठ उचलून आतले हाड, जिभेच्या कडा आणि ओठांचे कोपरे पाहावेत. चाल खरी की दुखण्याने ताठलेली, याचा सुगावा तिथेही लागतो.

पुढील प्रकरणे वाचण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करून पाहा. पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. मग घोडा मोकळ्या दोरीवर, स्वाराशिवाय चालवून मोबाइलवर चित्रित करा आणि संथ गतीत ठोके मोजा. नंतर स्वार बसवून साध्या म्होरकीवर आणि शेवटी नेहमीच्या बिटावर तेच करा. दोरीवर चार सारखे ठोके आणि बिटावर दोन-दोन, असे दिसले तर नवे बिट विकत आणायच्या आधी स्वाराचा हात तपासा.