पाणीवाली बाई
१. पाणीवाली बाई : समाजवादी नेत्या मृणाल गोरे (१९२८–२०१२). वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या चळवळीत उतरल्या. १९५८मध्ये पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती, तरी काम थांबले नाही. १९६१मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या बायकांच्या रिकाम्या हंड्यांसाठी त्या झगडल्या. लोकांनी दिलेले हे नाव त्या लढ्याचेच. १९७२च्या महागाईविरोधी आंदोलनात अहिल्या रांगणेकरांसह त्यांनी हाक दिली आणि गृहिणी लाटण्याने थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी आमदार, पुढे आणीबाणीत तुरुंगवास, १९७७मध्ये खासदार. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हाची. दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी.