गुंठाभर घर आणि कायद्याची तारीख

'घर पाहावे बांधून' ही म्हण रूढ झाली तेव्हा घर बांधणाऱ्याची गाठ गवंड्याशी, सुताराशी आणि फार तर शेजाऱ्याशी पडत असावी. आमच्या पिढीच्या घराची पहिली वीट मात्र कागदावर बसते. सात-बारा, फेरफार, मोजणी, अकृषिक परवानगी अशी तिची नावे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या गावी कचेऱ्या आल्या, नोकरदार आले आणि मराठवाड्यातील इतर शहरांप्रमाणे येथेही गावाकडेची शेते गुंठ्यांनी विकली जाऊ लागली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सामान्य माणसाच्या ऐपतीत बसणारे माप. परंतु १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला असे तुकडे अमान्य, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेला शेतजमिनीवर विनापरवाना घर अमान्य. परिणामी कागदावर कापूस उभा राहिला आणि जागेवर भिंती.

शासनाने यावर काढलेल्या तोडग्याचे नाव भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावे: 'महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१'. घर 'कायदेशीर' होत नाही, 'नियमाधीन' होते. त्यासाठी भरावयाचे ते 'प्रशमन शुल्क'. प्रशमन कोणाच्या कोपाचे, हे कायदा सांगत नाही! १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीला हा कायदा लागू होता; २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. म्हणजे वीस वर्षे जे दोषी होते ते एका दुरुस्तीने क्षम्य ठरले, आणि परवानगीची वाट पाहत भाड्याच्या खोलीत राहिलेला मनुष्य तेवढा मूर्ख ठरला. अतिक्रमणाची चर्चा करताना या दुसऱ्या माणसाची आठवण कोणी काढीत नाही, हे आम्हांस अधिक खुपते.

आमच्यातील एकाचे घर याच जिल्ह्यात अशा गुंठ्यावर उभे आहे. बँकेने कर्ज नाकारले, म्हणून पत्नीचे दागिने मोडून छत पडले. पुढे नियमाधीन करण्याचा अर्ज केला, तो दोनदा परत आला. प्रथम मोजणीचा नकाशा नव्हता म्हणून; नंतर समोरच्या रस्त्याची रुंदी कमी भरली म्हणून. रस्ता त्याच्या मालकीचा नव्हता, रुंद करणे त्याच्या हाती नव्हते. तिसरा अर्ज अद्याप टेबलावर आहे. घरपट्टी मात्र पहिल्या वर्षापासून वेळेवर येते, आणि तिच्या पावतीवर शिक्का असतो की, या कर आकारणीमुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही.