व्हिडिओ रूपांतर : कंटेनर, कोडेक आणि बिटरेट म्हणजे काय?

लग्न-मुंजींच्या व्हीएचएस कॅसेटी आणि व्हीसीडी आजही अनेक घरांतील कपाटांत जपून ठेवलेल्या आढळतात. त्या चालवणारी यंत्रे मात्र दुर्मीळ होत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. त्यामुळे जुने चित्रण संगणकीय फाइलमध्ये उतरवून घेण्याची निकड वाढली आहे. या कामातील काही संज्ञा नीट न समजल्यास चित्रणाचा दर्जा कायमचा खालावू शकतो.

घोळ बहुधा फाइलच्या नावापासूनच सुरू होतो. एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही हे ‘कंटेनर’, म्हणजे डबे आहेत. चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके त्यांत एकत्र ठेवलेली असतात. डबा पाहून आतली भाजी ओळखता येत नाही, तसेच हे आहे. आतील चित्र कोणत्या पद्धतीने साठवायचे आणि पुन्हा कसे उलगडायचे, हे ‘कोडेक’ ठरवतो. व्हीसीडीसाठी एमपीईजी-१ आणि डीव्हीडीसाठी सामान्यतः एमपीईजी-२ वापरले जाते. एच.२६४ हे मानक २००३ साली, तर एच.२६५ हे २०१३ साली आले. आवाज ऐकू येतो पण पडदा काळाच राहतो, तेव्हा अनेकदा फाइल बिघडलेली नसते. प्लेअरकडे तो कोडेक नसतो. फाइलच्या नावाची शेवटची अक्षरे बदलून काहीही साधत नाही. व्हीएलसीसारखा, बहुतेक कोडेक सोबत बाळगणारा प्लेअर वापरून पाहणे अधिक श्रेयस्कर.

भारतातील पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चौकटीत ७२० गुणिले ५७६ बिंदू आणि सेकंदाला २५ चौकटी असतात. प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरल्यास सेकंदाला सुमारे ३१ मेगाबाइट, म्हणजे जवळपास २४९ मेगाबिट माहिती होते. डीव्हीडीवर चित्रासाठी सेकंदाला कमाल ९.८ मेगाबिटच मिळतात. हा वेग म्हणजे ‘बिटरेट’. उरलेली माहिती डोळ्यांना फारशी जाणवणार नाही अशा बेताने गाळली जाते आणि गाळलेले परत मिळत नाही. व्हीसीडीचे चित्र अवघे ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते. त्याची फाइल मोठ्या बिटरेटने बनवली, तरी ती केवळ जड होते. चेहरे अधिक स्पष्ट होत नाहीत.

रूपांतर दोन प्रकारचे असते, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. कोडेक बदलताना चित्र उलगडून पुन्हा दाबले जाते आणि दर खेपेस थोडा तपशील गळतो. केवळ डबा बदलायचा असेल, तर आतील प्रवाह जसेच्या तसे हलवता येतात. याला ‘रीमक्स’ म्हणतात. हे काम बहुधा काही क्षणांत होते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. एफएफएमपेग या मुक्त प्रणालीत ही सोय आहे.

कॅसेटच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. तिच्यातील प्रत्येक चौकट विषम व सम ओळींच्या दोन भागांत टिपलेली असते. संगणकावर ते दोन्ही एकदम दिसल्याने हलत्या हाताच्या कडेला फणीसारखे दाते उमटतात. ‘डीइंटरलेसिंग’ने ते घालवता येतात, मात्र तो प्रयोग प्रतीवर करावा, मूळ फाइलवर नव्हे.