"आम्ही" कोण?

आमच्या चर्चमध्ये पंधरा ऑगस्टच्या जवळच्या रविवारी देशासाठी वेगळी प्रार्थना होते. गेल्या खेपेस तीत देशाच्या पापांची कबुलीही होती. भ्रष्टाचार, बायकांवरचे अत्याचार, जातिभेद... प्रत्येक वाक्यात कर्ता "आम्ही". पाळकसाहेब म्हणत होते आणि आम्ही मागून "आमेन" म्हणत होतो.

बाहेर चपला घालताना मामेभाऊ म्हणाला, "दादा, जातिभेद आपण केला, की आपल्यावर झाला? मग क्षमा आपण का मागायची?"

मला उत्तर सुचलं नाही. आमचे पूर्वज मांग. गावकुसाबाहेरची माणसं. घरी आलो, जेवलो, पण प्रश्न काही जाईना. मग जुना इतिहास चाळत बसलो. तो इथे मांडतोय, बघा पटतंय का.

जालन्याजवळचं बेथेल तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. नावाचा अर्थ "देवाचं घर". एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते गाव वसवलं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि दिवाण सालारजंग यांच्याकडून नारायणरावांनी जमीन मिळवली. तिथे राहायला आले ते मुख्यतः मांग समाजातून ख्रिस्ती झालेले लोक. नारायणराव स्वतः ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता, पण त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता आणि वयानं लहान होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पुढे प्रश्न आला, याला जातीत परत घ्यायचं की नाही? "दर्पण"कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन घ्यावं असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी सनातन्यांचा रोष त्यांनी पत्करला. त्या काळात ही मोठी हिंमत होती, यात शंका नाही.

पण या गोष्टीत मला एक जागा अडते. प्रायश्चित्त घ्यायचं होतं त्या पोरानं. ज्या जातीत त्याला परत यायचं होतं तिनं स्वतः काही कबूल करायचा प्रश्नच नव्हता. आणि तिकडे त्याचा थोरला भाऊ पुढे मांगांच्या वस्तीत आयुष्य घालवायला आला. याला कोणी पश्चात्ताप म्हटलं नसेल. मला मात्र तो तसाच दिसतो, शब्दांत नाही, राहण्यात.

आता भावाच्या प्रश्नाकडे. दुसऱ्याच्या पापाबद्दल "आम्ही चुकलो" म्हणण्याची रीत शास्त्रात जुनी आहे. दानीएल बाबेलात कैदी म्हणून गेलेला. देश बुडाला त्यात त्याचा स्वतःचा दोष दिसत नाही. तरी तो प्रार्थनेत "त्यांनी" म्हणत नाही, "आम्ही" म्हणतो. नहेम्या तर आपल्या बापाच्या घराण्याचं नाव घेऊन कबुली देतो. निनवेचा राजा आधी स्वतः सिंहासनावरून उतरून गोणपाट नेसतो.

पण हा "आम्ही" फसवाही असतो. 1857 चं उदाहरण घ्या. त्या वर्षी 7 ऑक्टोबरला, हिंदुस्थानातल्या उठावामुळे, व्हिक्टोरिया राणीच्या हुकुमानं ब्रिटनभर उपास, नम्रता आणि प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. बुधवार होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या प्रसिद्ध उपदेशकाला ऐकायला 23,654 माणसं जमली. त्या दिवशीच्या उपदेशांत राष्ट्राच्या पापांची यादी होती. पण कित्येकांच्या मते मोठं पाप हे, की कंपनी सरकारनं इथल्या मूर्तिपूजेला फार सांभाळून घेतलं! आणि शिपायांना कडक शिक्षा व्हावी ही मागणीही तिथेच. म्हणजे नाव पश्चात्तापाचं आणि बोट दुसऱ्याकडे. गुडघे टेकूनही माणूस फिर्याद करू शकतो, ते असं.

याच्या उलट आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण केडगावचं. 1905 च्या सुरुवातीला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना रोजच्या प्रार्थनेसाठी बोलावलं. आधी सत्तरेक जणी आल्या, जूनपर्यंत साडेपाचशेच्या आसपास झाल्या. मागणं होतं हिंदुस्थानातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं हृदयपरिवर्तन व्हावं, आणि त्यात रमाबाईंनी स्वतःला आणि त्या मुलींनाही धरलं होतं. जूनअखेरीस मुली रडत रडत आपापल्या चुका सांगू लागल्या. त्यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचवून आणलेल्या. जगानं ज्यांचं देणं द्यायचं, त्याच आपला हिशेब देत होत्या.

तिसरं उदाहरण लांबचं. 19 ऑक्टोबर 1945, जर्मनीतलं स्टुटगार्ट. युद्ध संपून जेमतेम पाच महिने झालेले. जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी जाहीर कबुली दिली, की आमच्या देशानं इतर देशांवर अपार दुःख लादलं आणि आम्ही पुरेशा धैर्यानं उभे राहिलो नाही. सही करणाऱ्यांत मार्टिन नीमोलर होते. हिटलरच्या राज्यात त्यांनी सात-आठ वर्षं तुरुंगात आणि छळछावण्यांत काढली होती. "मी तर आत होतो" असं म्हणायचा हक्क त्यांना नक्की होता. त्यांनी तो वापरला नाही. देशात पुष्कळ लोक या कबुलीवर चिडले, ते वेगळंच.

एवढं वाचल्यावर भावाला काय सांगायचं? "दानीएलानं म्हटलं म्हणून तूही म्हण" हे मला पटत नाही. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याच्याकडूनच आधी क्षमेची याचना करवणं हा अन्याय आहे. त्याचा राग खरा आहे आणि तोही देवापुढे ठेवायला जागा हवी.

पण मला आमच्याच घरातली एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी बहिणीसाठी स्थळं बघत होतो. मुलगा शिकलेला, चर्चला जाणारा, स्वभावानं चांगला. आणि आमच्याच माजघरात, दबक्या आवाजात प्रश्न आला, "पण मूळचे कोण ते?" कोणी रागावलं नाही. कोणी हसलंही नाही. सगळ्यांना उत्तर हवं होतं. मलाही.

ते स्थळ पुढे गेलं नाही.

म्हणजे जे आमच्यावर लादलं गेलं, तेच आम्ही जपून ठेवलं होतं, चार पिढ्या, बायबलाशेजारी. मग त्या रविवारचा "आम्ही" मला तरी खोटा म्हणता येईना. फक्त त्याची सुरुवात देशापासून नाही, माजघरापासून व्हायला हवी.

भावाला फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, ताईला कधी सांगितलंस हे?"

नाही सांगितलं. आता सांगणार आहे. हे वाचायच्या आत.